कलम सहाखालचे उदाहरण

जठारपेठ, अकोला
१२ मे २०२५

खुशाल,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. मला ऐकू येत नाही, कानातले यंत्र नुसत्या शिट्ट्या मारते, आणि मोबाइलवर अंगठा घासत बसणे मला या वयात जमणार नाही. म्हणून पत्र. अमरावतीला वकिलीचे पहिले वर्ष तू माझ्या खोलीत काढलेस आणि दुसऱ्या वर्षी वावर बोलावते म्हणून पळालास. त्यानंतर तुझे अक्षर सुधारले असेल अशी आशा करतो.

तुला ठाऊकच आहे, सत्तावीस वर्षे मी मंत्रालयात बसून कायद्यांचे मसुदे लिहिले. निवृत्तीनंतर तेच काम घरून करतो. एखाद्या आमदाराला विधेयक मांडायची हौस आली की तो जिना चढून येतो. कायद्याने काय करता येते आणि काय नाही हे मी त्याला सांगतो, तो ऐकत नाही, मग मी मसुदा लिहितो आणि तो त्याच्या नावाने छापला जातो. पंगतीत आचाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण जेवणाऱ्याला निदान वरण कोणते आणि कढी कोणती हे तरी कळावे!

गेल्या आठवड्यात आमदार गोवर्धनराव आले. बरोबर चार माणसे, चौघेही बुटांसकट दिवाणावर. म्हणाले, "साहेब, वावराच्या वाटेवर एक कायदा करून द्या. पावसाळी अधिवेशनात टाकून देतो." मी विचारले, त्यात काय असावे? तर म्हणे, "काई बी टाका, पण जबर पायजे." एवढे बोलून पोहे खाल्ले आणि गेले. लोकशाहीचा गाडा असा ओढला जातो आणि बैल मी आहे.

विषय मात्र खरा आहे. मागच्या शेतकऱ्याची गाडी पुढच्याच्या शेतातून जाते, मग कधीतरी वाट अडते आणि डोकी फुटतात. कोणती वाट हक्काची आणि कोणती मेहेरबानीची, हे ठरवणारे एक कलम मी लिहितो आहे, कलम सहा. जुन्या कायद्यांत कलमाखाली उदाहरण देत असत: 'क' चे शेत, 'ख' ची गाय, असे. हल्लीचे मसुदाकार उदाहरण देत नाहीत, कारण उदाहरण द्यायला आधी कलम समजावे लागते. मी देणार आहे. अडचण एवढीच की शेत मी पाहिले ते सातबाऱ्यावर. तर तुमच्या भातकुलीकडे वाटेची रीत नेमकी काय असते ते कळव. खरी रीत हवी, भाषण नको.

तुझा
कमलाकांत

भातकुली
२१ मे २०२५

प्रिय कमलाकांत,

तुझं पाकीट बघून शिवमला वाटलं कोर्टाची नोटीस आली. माझा पोरगा, पण पत्र म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. अक्षराचं म्हणशील तर औत हाकून जसं व्हायचं तसं झालं आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आमच्याकडे रस्त्याला लागून एकाचं वावर, त्याच्या मागे दुसऱ्याचं, त्याच्याही मागे तिसऱ्याचं. मागच्याची गाडी पुढच्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे तुमच्या भाषेत बांधावरून, जाते. आता ती काही सरकारी सडक नव्हे. म्हणून रीत अशी आहे की अक्षय्य तृतीयेला मागचा कास्तकार पुढच्याच्या धुऱ्यावर नारळ घेऊन येतो आणि म्हणतो, "भाऊ, यंदा बी वाट राहू द्या." पुढचा नारळ फोडतो, अर्धा त्याच्या हाती देतो आणि वर्षभर गाडी चालते. माझ्या आजोबापासून हेच चालू आहे.

खरं सांगायचं तर ही माझीच कथा आहे. माझ्या मागे जमुना म्हणून एक बाई आहे, तिचं चार एकर. नवरा पुण्याला कंपनीच्या गेटवर बसतो, ही एकटी शेती करते, आणि जीभ अशी की काही विचारू नको. यंदा आमच्यात नारळ फुटला नाही. विचारलं तर भर रस्त्यात म्हणते, "वाट माया हक्काची हाय. तुमी कोन देनार?" आता तूच सांग, नारळ देऊन जी गोष्ट मागावी लागते ती हक्काची कशी? मी पडलो एका वर्षाचा वकील. तू मोठा माणूस आहेस, शेवटी कायदा तुझ्या पेनातून उतरतो. माझ्या भल्याबुऱ्याचा विचार करू नको, जे न्यायाचं असेल तेच लिही.

तुझा
खुशाल

जठारपेठ, अकोला
२० जुलै २०२५

खुशाल,

तुझ्या नारळाला मुजरा! वकिलीत ज्याने पन्नास पानांचे युक्तिवाद वाचले असतील त्यालाच त्या नारळाची किंमत कळेल. परवानगीने चाललेली वाट शंभर वर्षे चालली तरी हक्काची होत नाही, हे तत्त्व मी तरुण वकिलांना कंठशोष करून शिकवत आलो. तुझ्या अडाणी गावाने ते एका नारळात बसवले आहे. मी कलम सहाखाली असे लिहिले:

'उदाहरण: "ख" चे शेत "क" च्या शेतामागे आहे. "ख" प्रतिवर्षी अक्षय्य तृतीयेस "क" यास नारळ देऊन वाट मागतो. "ख" ची वहिवाट कितीही वर्षांची असली, तरी ती परवानगीची आहे, हक्काची नाही. व "क" ती परवानगी केव्हाही काढून घेऊ शकतो.'

यातला एक शब्द इकडचा तिकडे करून दाखव.

आमच्या सिंधूला वाचून दाखवले. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिने माझा मसुदा शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले काय, तर "जी बाई नारळ द्यायची तिला विचारलंत का?" मी म्हटले, कायदे असे घरोघर चौकशी करून लिहीत नसतात. यावर ती भाजी निवडायला निघून गेली.

परवाच्या शुक्रवारी गोवर्धनरावांनी विधेयक मांडले. नाव वाचताना तीनदा अडखळले. सभागृहात नारळ शब्दावर हशा झाला, टीव्हीवाल्यांनी तेवढेच दाखवले आणि आमदार तेवढ्यावर खूश आहेत. एक ध्यानात ठेव, हे नुसते विधेयक आहे, कायदा नव्हे. एकट्या आमदाराने मांडलेले विधेयक मंजूर होईल अशी आशा कोणी धरत नाही. मंत्री एक दिवस उठून "शासन विचार करील" म्हणतील आणि गोवर्धनराव ते मागे घेतील. पण काम चोख झाले आहे, आणि मला तेवढे पुरते. छापील प्रत सोबत ठेवली आहे.

कमलाकांत

भातकुली
११ ऑगस्ट २०२५

प्रिय कमलाकांत,

प्रत मिळाली. मारुतीच्या देवळात मोठ्याने वाचून दाखवली, लोक माना डोलवत होते. देवमन म्हणाला, "खुशालराव, तुमचा दोस्त त लय पोचेल हाय!" देवमन म्हणजे माझ्या पुढच्या वावराचा. त्याने एक प्रत मागितली आहे. एक तहसीलातल्या साहेबांना वाचनासाठी द्यावी म्हणतो, त्यांना अशा गोष्टींची आवड आहे. तेव्हा चार-पाच पाठव. झेरॉक्स नको, छापील, वर विधानसभेचं नाव असलेल्या.

बाकी क्षेम. तुझ्यासाठी तुरीची डाळ काढून ठेवली आहे.

खुशाल

अकोला, १८ ऑगस्ट

खुशाल, पाच प्रती पाठवतो आहे. तहसीलदाराला वाचनाची आवड आहे हे ऐकून नोकरशाहीबद्दलचे माझे मत क्षणभर डळमळले. क.

मु. पो. भातकुली
२४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय कमलाकांत काकांना आचलचा नमस्कार.

आपली ओळख नाही. खुशालराव बाबा गावात सगळ्यांना तुमचं नाव आणि जठारपेठ सांगत असतात, पत्ता तिथूनच मिळाला. मी अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या उदाहरणातला 'ख' म्हणजे माझी आई जमुना.

यंदा अक्षय्य तृतीयेला आई नारळ घेऊन गेली होती. मी सोबत होते. खुशालराव बाबांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, "नारळ नको, वावर दे." तीन वर्षांपासून ते आमचं चार एकर मागत आहेत. आई म्हणाली, वावर विकायचं नाही. तेव्हा ते म्हणाले, "मंग पाहू तू कशी जातं." त्यावर आई जे बोलली तेवढंच त्यांनी तुम्हाला कळवलं असेल.

आणि काका, नारळ फक्त आमची आईच देत नाही. सगळा गाव देतो. खुशालराव बाबांची गाडी देवमन काकांच्या वावरातून जाते, ते देवमन काकांना देतात. देवमन काकांचं वावर सडकेलाच आहे, त्यांच्या पुढे कोणी नाही, म्हणून ते मारुतीला देतात. मग त्यांनी कोणाची परवानगी घेतली म्हणायची? नवीन वर्षाचं काम सुरू होताना शेजाऱ्याचं तोंड गोड करतात, एवढंच ते आहे. लहान मुलालाही हे माहीत आहे.

ऑगस्टमध्ये बाबांनी जेसीबी लावून आमच्या धुऱ्यावर चर खणला. आईने तहसीलात अर्ज केला. तिथे तुमचा छापील कागद टेबलावर होता. साहेब म्हणाले, "विधानसभेतच तुमच्याविरुद्ध आलं आहे, मी काय करणार?" मी म्हटलं, हे विधेयक आहे. ते म्हणाले, "पोरी, मला शिकवू नको."

सोयाबीन कापून गंजी लावली होती. चरामुळे मळणीयंत्र येऊ शकलं नाही. मागच्या बाजूला नाला आहे, त्याला डिसेंबरपर्यंत पाणी असतं. दसऱ्यानंतर पाऊस झाला आणि गंजीला कोंब फुटले. सगळं गेलं. आता बाबा शिवमदादाच्या हाताने निरोप पाठवतात की संक्रांतीपर्यंत विचार करा, भाव बरा देऊ.

मला एकच मागायचं आहे. हा कागद कायदा नाही, एवढी एक ओळ तुम्ही तहसीलदारांना लिहाल का? माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आईने हे पत्र लिहायला नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "ज्यानं न पायता लिवलं, तो वाचूनई काय करनार?"

आपली
आचल

भातकुली
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय कमलाकांत,

फार वाईट झालं. तो देवमन, ज्याला मी तुझी प्रत माझ्या हाताने दिली, त्याने माझी वाट बंद केली! धुऱ्यावर आडवी तार ओढली आणि तुझाच कागद दाखवतो. म्हणतो, "खुशालराव, तुमी मले नारळ देता न? म्हंजे परवानगी. मी काढून घेतली. कलम सहा." वर हसतो. त्याला त्याच्या धुऱ्याला लागून असलेला माझा तुकडा हवा आहे, हे मला आधीपासून माहीत होतं.

कापूस वेचून वावरातल्या शेडमध्ये भरून ठेवला आहे, गाडी बाहेर निघत नाही. तहसीलात गेलो तर साहेब म्हणाले, जमुनाबाईला लावलं तेच तुम्हाला लागेल. गावात पोरंसोरं मला 'क-ख' म्हणून हाका मारतात.

तू एवढंच कर. तुझं ते उदाहरण फक्त जिथे मागची बाई भांडखोर असेल तिथे लागू आहे, असं काहीतरी वकिली भाषेत लिहून पाठव. शब्द तुझ्याकडे भरपूर आहेत. देवमनची आणि माझी गोष्ट वेगळी आहे, आमच्यात घरोबा आहे.

खुशाल

जठारपेठ, अकोला
२२ डिसेंबर २०२५

खुशाल,

तुझे पत्र आले तेव्हा आचलचे पत्र माझ्या कपाटात चार आठवडे पडून होते. तू आता विचारशील कोण आचल. ज्या बाईची गंजी तू कुजवलीस, तिची मुलगी. तिने सगळे लिहिले होते, नारळ घेऊन कोण आले आणि तो नाकारला कोणी, तेही.

तुझ्यावर आग पाखडायला मी बसलो होतो. पण आधी माझे सांगतो, कारण तू चोर असलास तर शिडी मी धरली होती. ते पत्र वाचले त्याच दिवशी मला कळले की मुलगी खरे बोलते आहे. तरी मी ते कपाटात टाकले. का? कारण उदाहरण सुंदर होते. सत्तावीस वर्षांत माझे इतके नेमके वाक्य कोणी छापले नव्हते. एका पोरीच्या पत्रासाठी ते खोडायचे माझ्या जिवावर आले. शेवटी सिंधूला ते पत्र सापडले. तिने वाचले, माझ्यासमोर ठेवले, त्यावर माझा चष्मा ठेवला आणि भाजी निवडायला निघून गेली.

म्हणून गेल्या सोमवारी एसटीने अमरावती आणि तिथून ऑटोने तुमच्या शिवारात येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही, तुझ्या डाळीचे वरण मला आता पचणार नाही. तुझा चर पाहिला. काय देखणे काम! माणूस उभा बुडेल एवढा. पलीकडे ती काळी पडलेली गंजी होती. जमुनाबाई हातानेच हरभरा टोबत होत्या, कारण बी पेरायला ट्रॅक्टर यायचा मार्ग तू ठेवला नाहीस. मी माझे नाव सांगितले. त्यांनी मला पाणी दिले आणि पुन्हा कामाला लागल्या. बायको, मुलगी, शेतकरीण, सगळ्यांना जे एका प्रश्नात कळले ते मला कळायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या. मोठा माणूस म्हणतोस ना मला? हे बघ मोठेपण.

तिथून तहसीलात गेलो आणि लेखी दिले की तो कागद कधीही कायदा नव्हता, त्यातले उदाहरण मी जागा न पाहता, एकाच पक्षाचे ऐकून लिहिले, आणि ते चूक आहे. नारळ ही परवानगी नव्हे, दोन्ही वाटा वहिवाटीच्या म्हणून हक्काच्या आहेत. यात तुझीही वाट मोकळी होते, याचे मला दुःख आहे, पण तत्त्वाला त्याची पर्वा नसते. तुझ्या त्या वाचनप्रिय साहेबांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "विधेयक मागे घेतल्याचा दाखला जोडा." जे कधी कायदा नव्हते, ते कायदा नसल्याचा दाखला! सुनावणी जानेवारीत ठेवली आहे.

विधेयक नागपूरच्या अधिवेशनात मागे घेतले गेलेच. मंत्र्यांनी आश्वासन दिले, गोवर्धनरावांनी हात जोडले, फोटो निघाले. शासन आता स्वतःचे विधेयक आणणार म्हणे, आणि त्यांना माझ्या मसुद्यातले काय ठेवायचे आहे, तर फक्त ते उदाहरण. मसुदा समितीवर माझे नाव घालणार होते. मी लेखी कळवले की उदाहरण खोटे आहे, काढा. तिकडून तरुण अधिकाऱ्याचा निरोप आला: "सर, मंत्र्यांना अख्ख्या विधेयकात तेवढंच समजलं होतं." मी पुन्हा लिहिले, या वेळी जमुनाबाईंची सगळी हकीकत जोडून. त्यानंतर समितीचे बोलावणे आलेले नाही. येणारही नाही. मी आता दर आठवड्याला एक पत्र पाठवणार आहे. आचलला मी क्षमेचे पत्र लिहिले आहे, उत्तर आलेले नाही.

तू मागतोस ते शब्द माझ्याकडे आहेत. तुला देणार नाही.

कमलाकांत

भातकुली
१६ जानेवारी २०२६

कमलाकांत,

तुझं पत्र मी शिवमला दाखवलं नाही. तू लिहिलंस त्यातला एकही शब्द खोडता येत नाही, म्हणून उत्तर द्यायला उशीर केला.

सुनावणी झाली नाही. साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर गेले, पुढची तारीख फेब्रुवारीतली आहे. देवमन तार काढत नाही. शेडमधल्या कापसाला उंदीर लागले. आता नाला कोरडा झाला आहे, आणि नाल्यापलीकडून गावाची सडक जाते. म्हणजे माझा कापूस बाहेर काढायची एकच वाट राहिली होती, मागून, जमुनाच्या वावरातून.

आठ दिवस मी गेलो नाही. शिवम म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, तू नको. सोमवारी सकाळी गेलो. वाटेत सगळं ठरवलं होतं, ती काय म्हणेल आणि मी काय म्हणीन. ती शिव्या देईल, चार लोक जमवील, वावराचं काढील, मग मी हात जोडीन. मी म्हटलं, "जमुनाबाई, कापूस न्यायचा होता." ती निंदत होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाल्याच्या कडेकडेनं न्या. हरभऱ्यावर चाक नका जाऊ देऊ, हातानं टोबेल हाय." एवढंच. पुन्हा निंदायला बसली.

पण गाडी तिच्या वावरात जाणार कशी? मध्ये माझाच चर. जेसीबीवाल्याला फोन केला तर तो चार दिवसांनी येतो म्हणाला. मग मी आणि शिवमने फावड्यांनी बुजवायला घेतला. दुपार झाली, माझी कंबर गेली, धुऱ्यावर बघायला माणसं जमली. कोणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. बुजवला तो आता बुजवलेलाच राहील, तसं मी शिवमला सांगितलं आहे. तहसीलातही लिहून देतो.

तीन खेपा केल्या. आचल आईच्या बाजूला निंदत होती. सोमवार होता, कॉलेजचा दिवस. मंगळवारीही होती, आणि आज शुक्रवार, आजही आहे. कॉलेज सुटलं का, मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठून आणू?

शेवटच्या खेपेला गाडी थांबवून मी म्हटलं, "येतो जमुनाबाई." तिनं मान वर केली नाही. पोरीनंही नाही. कमलाकांत, पन्नास वर्षांत तुझ्यापुढे मी काही कबूल केलं नसेल, हे करतो. तिनं मले एक शिवी तरी द्यायले पायजे होती.

खुशाल